मार्टिन वेस्टकोटची मराठी पत्रं

शुगर लँड, टेक्सास
१२ ऑक्टोबर २००३

चि. गिरिजास,

तुझ्या वकिलाचा कागद मिळाला. दीड पानात अकरा वेळा 'हिअरबाय' आहे. असलं इंग्रजी मी सही करून माझ्या नावावर घेणार नाही, हे पहिलं कारण. बाकीची पुढे सांगतो.

ऑगस्टमध्ये तू घर विकायला काढलंस, मला या वन-बेडरूममध्ये आणून टाकलंस आणि मुलीला घेऊन शिकागोजवळच्या शॉमबर्गला निघून गेलीस. दोन महिन्यांत बापाला एक फोन नाही. पहिलं टपाल आलं ते वकिलाकडून. शाब्बास! सत्तरीला टेकलेल्या माणसाशी असं वागायला कुठल्या मेडिकल कॉलेजात शिकवतात?

कागदात मला तीन गोष्टी शपथेवर कबूल करायला सांगितल्या आहेत. 'साउथ फ्लेअर' या कादंबरीचा लेखक मार्टिन वेस्टकोट म्हणजे मी, मोहन वर्तक, मूळ गाव सातारा. जावई सत्यजित याने ऑफिसमधून घरी आणलेले केमिकल प्लँटचे नकाशे मी त्याला न सांगता पाहिले. आणि त्यातला मजकूर उचलून पुस्तकात घातला. यावर माझं उत्तर असं, की वेस्टकोट नावाच्या गृहस्थांची पुस्तकं मीही वाचली आहेत, बरी असतात. मागच्या पानावर छापलं आहे की ते ब्रिटिश हेरखात्यातले निवृत्त अधिकारी असून कॉर्नवॉलला दोन कुत्र्यांबरोबर राहतात. मी शुगर लँडला राहतो आणि कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलतो.

तू म्हणशील, बाबा, माझ्यापुढे कशाला हे नाटक? अगं, लंडनला सरकारी ऑफिसात बसून चोवीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं वाचली आहेत. हिंदुस्थानातून येणारी, हिंदुस्थानात जाणारी. कागदावर काय लिहू नये हे मला तुझ्या त्या पोरगेल्या वकिलाने शिकवू नये.

आता जुलैतला तो शनिवार. सत्यजितच्या कंपनीची दोन माणसं घरी आली आणि नकाशे बाहेर कसे गेले म्हणून त्याची उलटतपासणी केली, तेव्हा मी लायब्ररीत होतो. तू हॉस्पिटलात ड्यूटीवर होतीस, तेव्हा हे खोडून काढायला तूही तिथे नव्हतीस. त्याने त्यांना काय सांगितलं आणि काय नाही, ते त्याचं त्याला ठाऊक.

चैत्रालीला आशीर्वाद. तिचं मराठी बिघडू देऊ नकोस.

बाबा


शुगर लँड
३ फेब्रुवारी २००४

गिरिजा,

रेखाकडून कळलं, सत्यजित गेला पुण्याला. अकरा वर्षांचा संसार दोन सुटकेसमध्ये बसला म्हणे. त्याला विमानात बसवायला तू शिकागोहून आलीस आणि माझ्या अपार्टमेंटवरून तुझी गाडी पुढे गेली. रेखा समोरच राहते. ती सांगते, तू सिग्नलला थांबली होतीस, पण मान वळवली नाहीस. तिला काय, मंडळात सांगायला विषय मिळाला.

तू उत्तर दिलं नाहीस. हरकत नाही. तुझी आईही अशीच. महिना महिना बोलायची नाही, टाइप मात्र करायची. माझ्या अकरा कादंबऱ्या शोभाने टाइप केल्या, त्यातल्या चार अबोल्यात. तू वाचतेस हे मला माहीत आहे. वर्तकांच्या घरातली माणसं आलेलं पत्र वाचल्याशिवाय राहत नाहीत.

मागचं पत्र जरा जपून लिहिलं होतं. मग म्हटलं, आपण कशाला घाबरतोय? मराठीत लिहितोय, ते या देशात वाचणार कोण? पोस्टमन मेक्सिकन आहे.

तर हो, पाहिले नकाशे. माझ्याच खोलीतल्या टेबलावर तो पसरून ठेवायचा आणि वर म्हणायचा, "बाबा, तुम्हाला अडचण होत नाही ना?" अडचण! बारा वर्षांत माझ्यासमोर कोणी इतकं चांगलं काही पसरून ठेवलं नव्हतं. तुला आठवत असेल, बर्लिनची भिंत पडली आणि माझा धंदा बसला. माझ्या कादंबऱ्यांचा नायक हार्ग्रीव्ह सोळा वर्षं रशियनांना लोळवत होता. आता रशियनच लंडनला येऊन घरं घेऊ लागले, लोळवायचं कोणाला? प्रकाशकाने आधी फोन बंद केले, मग ख्रिसमसचं कार्ड. आणि दोन हजार एकच्या सप्टेंबरात, तुम्ही सगळे टीव्हीपुढे रडत बसला होतात त्याच आठवड्यात, त्याचा फोन आला. "मार्टिन, कॅन यू डू टेररिझम?" मी त्या दिवशी दोनदा जेवलो. तू म्हणालीस, बाबा, तुम्हाला जेवण जातं कसं? असं जातं.

ती विटेची गोष्ट त्यानेच जेवताना सांगितली. "बाबा, गेट नंबर चारला एवढे कॅमेरे लावलेत, आणि पंपहाउसचं दार लोक वीट लावून उघडं ठेवतात. आत उकडतं म्हणून!" आपण तिघंही हसलो. मी उठून खोलीत गेलो आणि लिहून ठेवलं. कॅमेऱ्यांना कुठला कोपरा दिसत नाही ते नकाशावरून घेतलं. खोटं लिहायचं तर दाराची कडी खरी हवी, हा माझा पहिल्यापासूनचा नियम आहे. आता त्याच्या कंपनीतल्या कोणा साहेबाने विमानात तेच पुस्तक उघडावं आणि आपली वीट ओळखावी, याला मी काय करू?

पुस्तकातला देशद्रोही इंजिनियर कागदी नॅपकिनच्या होड्या करतो, यावर तू घर डोक्यावर घेतलं होतंस. सत्यजितनेही वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने नॅपकिन हातात घेतला आणि घडी न घालता परत ठेवला. बोलला असता तर मी त्याला मानलं असतं.

आणि ग्रीन कार्डाचं मला सांगू नकोस. तू सिटिझन, तुझ्या नावावर केव्हाच झालं असतं. "बायकोच्या पदराला धरून कार्ड नको, कंपनी करतेय ना," असं म्हणणारा तोच. आता कंपनीने काढलं आणि फाइलवर सिक्युरिटीचा शिक्का बसला. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

बाबा


शुगर लँड
१५ नोव्हेंबर २००४

गिरिजा,

पाडव्याला फोन केला होता. चैत्रालीने उचलला. म्हणाली, "ग्रँडपा, मॉम सेज आय कान्ट टॉक टू यू." मी म्हटलं, आजोबा म्हण. म्हणाली, "ओके. आजोबा, बाय." उच्चार वाईट नाही.

मंडळाच्या दिवाळीला गेलो होतो. रेखाचा नवरा राजेश घेऊन गेला. जेवायच्या रांगेत मला म्हणतो, "काका, तुम्ही तो वेस्टकोट वाचलाय का? काय रिसर्च आहे यार त्याचा!" मी बासुंदी घेत होतो. म्हटलं, नाव ऐकलंय. मग आवाज खाली आणून म्हणतो, "त्यातला तो इंजिनियर डिट्टो आपला सत्यजित आहे. लोक म्हणतात, त्यानेच प्लॅन विकले त्या ब्रिटिश माणसाला. तुम्हाला काय वाटतं?"

चारपाच जणांनी माना वळवल्या. मी काय बोललो ते तुला दुसरं कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो. मी म्हणालो, "माणसाच्या पोटात काय असतं ते सासऱ्यालाही दिसत नाही." लोकांनी माझ्याकडे काय कीव आलेल्या नजरेने पाहिलं! एका बाईंनी माझ्या ताटात आणखी बासुंदी वाढली.

नाहीतर काय सांगायचं होतं? मी म्हणजेच वेस्टकोट? पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली आहे. लोकांना वाटतं, लिहिणारा गोरा आहे, त्याने माणसं मारली आहेत, त्याला आतलं ठाऊक आहे. मागच्या पानावर पाठमोरा उभा असलेला तो रेनकोटातला माणूससुद्धा भाड्याचा. उद्या कळलं की हा सगळा कारभार साताऱ्याच्या एका कारकुनाचा आहे, ज्याने आयुष्यात पेन्सिलीला टोक करायच्या चाकूपलीकडे हत्यार धरलं नाही, तर एक प्रत खपणार नाही. प्रकाशक तर माझ्या नावाने शपथेवर खोटं बोलेल. तुझ्या वकिलाला बोललाच ना? मार्टिन वेस्टकोट कॉर्नवॉलला असतात म्हणून. नवऱ्याला वाचवायला बायको काहीही सांगते, असंच सगळे धरून चालणार. तेव्हा माझी सही नाही तर काही नाही. ती माझ्याकडे आहे, हे तू विसरू नयेस म्हणून लिहिलं.

लंडनच्या ऑफिसातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. रत्नागिरीकडचा एक माणूस गोदीत कामाला होता. बायकोला लिहायचा, इथे संप करू, मग जास्त पाठवीन. मी त्या ओळीखाली तांबडी रेघ मारली आणि कागद वर पाठवला. त्यांनी त्याला हिंदुस्थानात परत धाडलं. माझी पहिली कादंबरी त्याच्यावरच आहे. त्यात मी त्याला रशियाचा हस्तक केला. शोभाला टाइप करताना कळलं, आणि तो तिचा पहिला अबोला.

आणि एक. लायब्ररीचं. त्या शनिवारी मी घरीच होतो. चहा मीच केला त्या दोघांना. पण एक्झॉस्ट फॅन चालू होता, मला ऐकू काही आलं नाही.

बाबा


शुगर लँड
२७ सप्टेंबर २००५

गिरिजा,

जिवंत आहे. तू विचारलं नाहीस, तरी कळवतो. वादळ दुसरीकडे वळलं. आम्ही मात्र त्याला भिऊन सतरा तास रस्त्यावर होतो. राजेश, रेखा आणि मी. सगळं ह्युस्टन एकाच वेळी उत्तरेला निघालेलं. पेट्रोल वाचवायला एसी बंद, बाहेर शंभरावर पारा. पायी चालणारी माणसं आमच्या पुढे जात होती.

रेखाने देव घेतले होते, पासपोर्ट घेतले होते, लाडूंचा डबा घेतला होता. मला म्हणाली, "काका, तुम्ही काय घेतलंत?" मी नव्या कादंबरीची बाडं आणि माझ्या वह्या घेतल्या होत्या. शोभाचा फोटो भिंतीवरच राहिला. रेखाने मग दोन तास मला लाडू दिला नाही.

तिनेच सांगितलं की सत्यजितला तिसऱ्यांदा व्हिसा नाकारला. रोज सकाळी तो पुण्याहून फोन करतो आणि चैत्रालीचं गणित घेतो, तुमच्याकडे संध्याकाळ असते तेव्हा. दोन वर्षं मुलीला पाहिलं नाही. रेखा म्हणाली, "काका, तुमचं इंग्लिश एवढं छान, त्याच्यासाठी एखादं लेटर लिहा ना. सासऱ्याचं वजन पडतं हो." मी म्हटलं, लिहीन. राजेश आरशातून माझ्याकडे बघत होता.

सतरा तास गाडीत बसलं की माणसाला नको ते आठवतं. म्हणून हे लिहून टाकतो.

फॅन बंद होता.

मी ट्रे घेऊन खोलीच्या दारात उभा होतो. त्यातला जाड्या विचारत होता, "हू एल्स यूझेस धिस रूम?" खोली माझी. माझ्या चपला पलंगाखाली, माझा चष्मा नकाशावर ठेवलेला. सत्यजितने तो चष्मा उचलून स्वतःच्या खिशात टाकला आणि म्हणाला, "नोबडी, सर. जस्ट मी." मग त्याला मी दिसलो. तो उठला, माझ्या हातातला ट्रे घेतला आणि त्यांना म्हणाला, "माय फादर-इन-लॉ." त्यांनी मला थँक यू म्हटलं. जाड्याने दोन चमचे साखर घातली.

ते गेल्यावर त्याने चष्मा परत दिला. म्हणाला, "बाबा, तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा तुम्हीच सांगा. वडीलधाऱ्या माणसाचं नाव मी असं परक्यांसमोर कसं घेणार?" आणि तुलाही यातलं काही सांगणार नाही म्हणाला, कारण तू माझ्याशी भांडशील. बघ, काय माणूस शोधलास! नोकरी जातेय, देश जातोय, आणि हा सासऱ्याचा मान राखतोय. इतका मूर्ख माणूस मी कादंबरीत घातला असता तर संपादकाने कापून टाकला असता.

तो वाट बघत राहिला. त्याला खरंच वाटत होतं की बाबा सांगतील. विमानात बसेपर्यंत वाटत असणार.

आता तुला कळलं. घे, भांड.

बाबा


शुगर लँड
९ मार्च २००७

गिरिजा,

दीड वर्ष वाट पाहिली. एवढं लिहून पाठवलं, तर माणूस निदान शिव्या द्यायला तरी फोन उचलतो. तुझ्यात तेवढीही धमक नाही. तुझ्या आईच्या अबोल्याला निदान टाइपरायटरचा आवाज असायचा.

नवी कादंबरी परत आली. संपादिका कोणी पोरगी आहे, ती लिहिते की या वेळी दारं-खिडक्या खऱ्या वाटत नाहीत. वाटणार कशा? या अपार्टमेंटमध्ये कोणी काही बोलतच नाही. शेजारचा म्हातारा दिवसभर बेसबॉल बघतो. मी भिंतीला कान लावून पाहिला, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

माझ्या वाढदिवसाला सत्यजितचं पत्र आलं होतं. मी ते केटलीच्या वाफेवर धरून उघडलं. माझ्याच नावाचं होतं, तरी. हाताची सवय जात नाही. "ती. बाबांस सा. न. वि. वि." इथपासून सुरुवात. तब्येत सांभाळा, गुडघ्याला तेल लावत जा, चैत्राली दशांश अपूर्णांक शिकते आहे. सहीबद्दल एक अक्षर नाही. दोनदा वाचलं. उजेडापुढे धरूनही पाहिलं. काही लपवलेलं नव्हतं.

म्हणून आता सरळ व्यवहाराचं बोलतो. तू चैत्रालीला घेऊन इथे ये. आठ दिवस राहा. मला तिच्या हातचं पाणी प्यायचंय, तिला आजोबा म्हणायला शिकवायचंय. मी सही करतो. समोरच्या बँकेत नोटरी बसते, दहा मिनिटांचं काम आहे. दहा मिनिटांचं काम मी साडेतीन वर्षं केलं नाही, यावरून त्याची किंमत ओळख. तुला नवरा हवा आहे, मला नात. आठ दिवसांत दोघांचंही होईल.

गुढीपाडव्यापर्यंत थांबतो. तोवर आली नाहीस, तर वकिलाचा कागद मी फाडतो. मग त्याने पुण्यात जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांच्या शिकवण्या घ्याव्यात, आणि तुझ्या मुलीने बाप म्हणजे टेलिफोन समजावा.

बाबा


शुगर लँड
२१ मार्च २००७

आली नाहीस. फाडला.


शुगर लँड
३० मे २००८

सौ. प्रतिमाताई यांस,

आपली ओळख नाही. तरी तुमच्याइतकं मला सध्या कोणी ओळखत नाही. परवा मला सरकारी पाकीट आलं. आत माझ्या सहा पत्रांच्या झेरॉक्स, प्रत्येकाला जोडून इंग्रजी भाषांतर, आणि शेवटी तुमची सही, शिक्का, पत्ता. 'मला मराठी व इंग्रजी उत्तम येतं आणि हे भाषांतर अचूक आहे.' सोबत मला हजर राहण्याची तारीख दिली आहे. माझा खुलासा काय आहे ते विचारणार आहेत. त्यांनी प्रकाशकालाही पत्र घातलं. त्याने दुसऱ्याच दिवशी करार रद्द केला. आता मार्टिन वेस्टकोट कॉर्नवॉललाही राहत नाहीत.

पहिल्यांदा मला तुमचा राग आला. म्हटलं, बाईंनी सगळी गंमत मारून टाकली! मी इतकं हसतखेळत लिहिलेलं, आणि इंग्रजीत पानोपानी एक खुनशी म्हातारा बोलतोय. तुमच्या चुका दाखवून देणार होतो, लाल पेन घेऊन बसलो. मूळ पत्रं शेजारी ठेवून ओळ अन् ओळ ताडून पाहिली. मराठीतही तोच बोलतोय. तुमची एकही चूक नाही.

मग पाकिटाच्या तळाशी गिरिजाचं प्रतिज्ञापत्र सापडलं. तिने लिहिलं आहे: 'वडिलांचं पहिलं पत्र मी वाचलं. त्यानंतरची पाच मी उघडलेली नाहीत. ती आली तशी बुटांच्या खोक्यात ठेवली. नव्या वकिलांनी घरात काही पत्रव्यवहार आहे का असं विचारलं, तेव्हा ते खोकं त्यांना दिलं. पाकिटं त्यांच्या ऑफिसात भाषांतरकारांनी उघडली. खटल्याला लागेल तेवढाच मजकूर मला सांगावा, बाकीचा सांगू नये, अशी मी विनंती केली आहे.'

हे मी किती वेळा वाचलं ते विचारू नका. पाच वर्षं मी समजत होतो की ती वाचते आणि गप्प बसते. मी तिच्याशी भांडत होतो, तिला टोचत होतो, तिला रडवत होतो. समोर कोणी नव्हतंच हो.

रेखाकडून कळलं की सत्यजित एप्रिलमध्ये आला. मुलगी अकरा वर्षांची झाली आहे. विमानतळावर तिने बापाला ओळखलं का? तुम्हाला कळलं असेल तर कळवा. रेखाने माझ्याशी बोलणं टाकलं आहे, हे एवढंही तिने दारातूनच सांगितलं.

ताई, एक काम करा. गिरिजाला पुढचं वाचून दाखवा. भाषांतर नको, शिक्का नको. फोन करा आणि मराठीत वाचा.

गिरिजा, त्या शनिवारी ट्रे माझ्या हातात होता आणि मला फक्त चार शब्द बोलायचे होते. 'द रूम इज माइन.' बारा कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला ते सुचले नाहीत असं नाही. सुचले होते, ओठावर होते. आणि त्याने माझा चष्मा खिशात टाकला ना, तेव्हा मी मनात म्हणालो, वा, हे छान आहे, हे पुढच्या पुस्तकात घालू. त्या विचारात ते चार शब्द राहून गेले. भीती वाटली, नाव जाईल असं वाटलं, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी मी फक्त बघत होतो. तुझ्या नवऱ्याचं आयुष्य माझ्यासमोर मोडत होतं आणि मला ते लिहायला चांगलं वाटत होतं. तुझी आई गेली तेव्हाही मी असाच खुर्चीत बसून बघत होतो, आणि तिला ते दिसत होतं. यापेक्षा वाईट माझ्याजवळ काही नाही. हे मी कोणालाच लिहिलं नव्हतं.

खोली माझी होती. नकाशे मी पाहिले. सत्यजितला ठाऊक नव्हतं. खाली सही करतोय, तारीख घालतोय. आता या सहीची कोणाला गरज नाही, हे मला कळतं. तरी करतो.

मला माफ करू नकोस. पण एकदा फोन कर. काहीही बोल, शिव्या दे, चैत्रालीला ओरडताना मागून तुझा आवाज आला तरी चालेल. मला फार एकटं वाटतं गं.

मोहन बळवंत वर्तक
३० मे २००८


शॉमबर्ग, इलिनॉय
९ जून २००८

श्री. मोहन वर्तक यांस,
स. न.

आपलं जाड पाकीट मिळालं. पाकिटावरच्या अक्षरावरून आपलं आहे हे ओळखलं. माझं काम फेब्रुवारीत संपलं आणि केस एप्रिलमध्ये बंद झाली. तरी आपण ज्येष्ठ आहात म्हणून वकिलांना फोन करून विचारलं. आणखी पत्रांची जरूर नाही, असं ते म्हणाले. गिरिजाताईंनाही विचारलं. त्या स्वयंपाकात होत्या, मागे हसण्याचा आवाज येत होता. त्यांनी सांगितलं, परत पाठवून द्या.

तेव्हा आपलं पत्र न उघडता सोबत परत पाठवत आहे. कृपया या पत्त्यावर पुन्हा लिहू नये.

आपली,
प्रतिमा